राणीची हॅट आणि बगळ्याचं पीस

दुपारची भांडी झाली असतील. कोणी तांदूळ निवडायला बसली असेल, कोणी मशीनवर असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आम्ही शिवणगटातल्या सातजणी आज पुन्हा आलोय. मागच्या वेळी आम्ही ब्लाउजच्या बाहीबद्दल बोललो होतो. आज बोलणार आहोत इंग्लंडच्या राण्यांच्या हॅटबद्दल.

हसू नका. आम्हीही आधी हसलोच होतो. आपल्याकडे बाईच्या डोक्यावर पदर असतो, ओढणी असते, फार तर उन्हात रुमाल. हॅटशी आपला काय संबंध? पण संबंध निघाला, आणि तो आमच्या एका ऑर्डरमधून निघाला.

झालं असं. लग्नसराईच्या तोंडावर आमच्याकडे चाळीस फेट्यांची ऑर्डर आली. आम्ही शिवलेले, तयार फेटे करतो हे तुम्हाला ठाऊक आहे. नवरीच्या भावाने मोबाइलवर एक फोटो दाखवला. फेट्याच्या पुढे पांढऱ्या, जाळीदार पिसांचा तुरा. "ताई, अस्साच पाहिजे," म्हणाला. आम्ही सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पिसांची एक जुडी काढून दिली. आमच्यातल्या आक्कांनी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, "ही कोणाची पिसं हो?" दुकानदार म्हणाला, "आर्टिफिशियल आहेत, मावशी." आम्ही जुडी घेऊन आलो.

आक्कांना मात्र चैन पडेना. त्यांचं माहेर तळ्याकाठचं. पावसाळ्यात बाभळीवर बगळ्यांची घरटी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. त्या म्हणाल्या, "विणीच्या दिवसांत बगळ्याच्या पाठीवर अशीच पिसं येतात." मग आमच्यातल्या एकीची कॉलेजात शिकणारी मुलगी आहे, तिला कामाला लावलं. तिने वाचून, शोधून जे सांगितलं, ते ऐकून आम्ही दोन दिवस त्यावरच बोलत होतो. तेच आज तुमच्यापुढे मांडतोय.

आधी राणीपासून सुरुवात करू.

इंग्लंडमध्ये राणी अलेक्झांड्रा होऊन गेली. मूळची डेन्मार्कची राजकन्या. सासू म्हणजे राणी व्हिक्टोरिया. नवरा सातवा एडवर्ड, तो १९०१ मध्ये राजा झाला. ही अलेक्झांड्रा दिसायला देखणी आणि कपड्यांची जाण असलेली. तिच्या मानेवर एक लहानसा व्रण होता. तो झाकायला ती उंच कॉलर घाली, गळ्याला घट्ट बसणारे मोत्यांचे पदर घाली. झालं, सगळ्या बायका तसंच घालू लागल्या. १८६७ मध्ये ती संधिवाताच्या तापाने आजारी पडली आणि पायाने थोडी लंगडू लागली. तर हौशी बायका मुद्दाम लंगडत चालायला लागल्या! दुकानांत त्यासाठी एक टाच उंच आणि एक बुटकी असे जोडे मिळत. आता बोला. राणीचं दुखणंसुद्धा फॅशन होतं, तर राणीच्या डोक्यावरची हॅट काय होत असेल, याचा विचार करा.

त्या काळी हॅट म्हणजे साधी गोष्ट नव्हती. बाईने उघड्या डोक्याने घराबाहेर पडायचं नाही, हा तिकडचा रिवाज. आपल्या आज्ज्या डोईवरून पदर ढळू देत नसत, तसंच ते. आणि हॅट जितकी सजलेली, तितकी घराची ऐपत मोठी. फुलं, फिती, जाळी आणि सगळ्यात वर पिसं. नुसती पिसं नाहीत, पंख. पंख नाहीत तर अख्खा पक्षी, भुसा भरलेला, काचेचे डोळे लावलेला. १८८६ मध्ये अमेरिकेत फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षी-अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत दोन दुपारी फिरून बायकांच्या हॅट मोजल्या. ७०० हॅट मोजल्या, त्यांतल्या ५४२ वर पिसं होती. चाळीस जातींचे पक्षी त्याने हॅटवर ओळखले. पक्षी पाहायला रानात जायची गरजच नव्हती, असं म्हणायचं.

या सगळ्यांत जास्त मागणी होती ती बगळ्याच्या पिसांना. लंडनच्या व्यापारात त्यांना 'ऑस्प्रे' म्हणत. खरं तर ऑस्प्रे हा मासे मारणारा शिकारी पक्षी, त्याचा या पिसांशी काही संबंध नाही. पण नाव पडलं ते पडलं. पांढरंशुभ्र, धाग्यासारखं सुटं, वाऱ्याच्या झुळकीने थरथरणारं पीस. दिसायला फार सुंदर, हे आम्हीही मान्य करतो. हातात घेतलं तर खाली ठेवावंसं वाटत नाही.

पण मैत्रिणींनो, हे पीस बारा महिने मिळत नाही. ते फक्त विणीच्या हंगामात येतं. म्हणजे नरमादी जोडी जमवतात, घरटं बांधतात, अंडी घालतात, तेव्हा. त्या दिवसांत बगळे एकाच झाडावर, एकाच तळ्याकाठी गर्दीने राहतात. पिलं घरट्यात असली की आईबाप लांब जात नाहीत. बंदुकीचा आवाज झाला तरी परत घरट्याकडेच येतात. शिकाऱ्याला आणखी काय हवं? तो मोठे पक्षी मारायचा, पाठीवरची पिसं उपटायचा आणि निघून जायचा. पिलं घरट्यात चोची उघडून बसलेली. त्यांना कोणी भरवायला येत नसे. ती उपाशी मरत. एका हॅटमागे दोनचार पक्षी मेले, एवढाच हिशेब नव्हता. मागे राहिलेलं अख्खं घरटं त्यात धरायला हवं.

आणि पैसा किती? १९०३ मध्ये अमेरिकेत शिकाऱ्याला एका औंसाला ३२ डॉलर देत होते. एक औंस म्हणजे आपले अठ्ठावीस ग्रॅम. तेव्हाच्या सोन्याच्या भावाच्या हे दीडपटीहून जास्त. सोन्याहून महाग पीस! मग तळीच्या तळी रिकामी झाली तर नवल काय.

यात आपला देशही होता. आपल्याकडूनही पक्ष्यांची कातडी आणि पिसं जहाजाने लंडनच्या लिलावात जात. १९०२ मध्ये इथल्या ब्रिटिश सरकारने रानपक्ष्यांची पिसं आणि कातडी बाहेर पाठवायला बंदी घातली. तरी चोरून माल जातच होता. सिंध तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होता. तिथे काही लोक बगळे पिंजऱ्यात पाळून त्यांची पिसं काढत. इतकी त्या पिसाला किंमत.

आता तुम्ही म्हणाल, बायकांच्या नटण्यापायी हे झालं, दोष बायकांचाच. तेव्हाही पुरुष असंच म्हणत होते. पण शिकारी कोण होते? लिलाव करणारे, जहाजं भरणारे व्यापारी कोण होते? आणि या सगळ्याविरुद्ध उभं कोण राहिलं? तेही ऐका.

१८८९ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ डिड्सबरी इथे एमिली विल्यमसन नावाची बाई राहत होती. तिने आपल्या घरी बायकांना चहाला बोलावलं आणि एक मंडळ काढलं. तेव्हाच्या पक्षी-अभ्यासकांच्या मोठ्या संघात बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून तिने आपलं वेगळं काढलं. नियम दोनच. एक, पक्ष्यांची उगाच होणारी हत्या थांबवायला हातभार लावायचा. दोन, खाण्यासाठी न मारलेल्या पक्ष्याचं पीस अंगावर घालायचं नाही, शहामृगाचं तेवढं चालेल. वर्गणी दोन पेनी. इतकी कमी, की घरकाम करणारी बाईही सभासद होऊ शकेल.

शहामृग का चालेल, हा प्रश्न आम्हालाही पडला. कारण असं की दक्षिण आफ्रिकेत शहामृगांचे कळप पाळत आणि त्यांची पिसं कापून घेत. मेंढीची लोकर कातरावी तसं. पक्षी जिवंत राहतो, पुढच्या वेळी पुन्हा पीस येतं. म्हणजे या बायका नटण्याच्या विरोधात नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की नटा, पण कोणाच्या जिवावर नटताय ते आधी बघा.

लंडनजवळ क्रॉयडनला एलायझा फिलिप्स नावाच्या बाईंचा असाच एक गट होता. १८९१ मध्ये दोन्ही गट एक झाले. पोर्टलंडची डचेस, म्हणजे मोठ्या सरदारघराण्यातली सून, अध्यक्ष झाली. १९०४ मध्ये या संस्थेला राजाची सनद मिळाली. आज ती इंग्लंडमधली पक्षीरक्षणाची मोठी संस्था आहे. चहाच्या टेबलावर सुरू झालेलं काम! आपल्या बचतगटाच्या बैठकीला कोणी नावं ठेवली, तर त्याला ही गोष्ट सांगा.

पण नुसत्या सभासदांनी फॅशन बदलत नव्हती. फॅशन वरून खाली येत होती. म्हणून या बायकांनी वरच हात घातला. लष्करातल्या काही पलटणींचे अधिकारीही टोपीवर हीच पिसं लावत. १८९९ मध्ये ती बंद करण्याच्या हुकमाला राणी व्हिक्टोरियाने मान्यता दिली. आणि १९०६ मध्ये राणी अलेक्झांड्राने संस्थेला पत्र पाठवून कळवलं, की आपण ही पिसं कधी वापरत नाही आणि पक्ष्यांवरची ही क्रूरता थांबवायला आपल्याकडून होईल ते करू. ते पत्र छापून प्रसिद्ध झालं.

विचार करा. जिच्या लंगडण्याची नक्कल झाली, तिने सांगितलं, माझ्या हॅटवर हे पीस नसेल. याचं वजन कायद्याएवढंच होतं. कायदा मात्र सावकाश आला. व्यापारी म्हणत, ही पिसं झडलेली असतात, आम्ही फक्त गोळा करतो. दुकानदार बायकांना सांगत, बाईसाहेब, ही नकली आहेत, बिनधास्त घ्या. संस्थेने ती 'नकली' पिसं तपासून घेतली, तर ती खरी निघाली! शेवटी १९२१ मध्ये इंग्लंडच्या संसदेने बाहेरून पिसं आणायला बंदी करणारा कायदा केला. एमिलीच्या चहापासून बत्तीस वर्षांनी.

"आर्टिफिशियल आहेत, मावशी." हे वाक्य आठवलं ना? आम्हालाही आठवलं.

त्यानंतर राण्यांच्या हॅट काही थांबल्या नाहीत. अलेक्झांड्राची सून राणी मेरी. ती बिनकडेची उंच टोपी घाली, त्याला टोक म्हणतात. फॅशन बदलली, घेर वर गेले, खाली आले, पण मेरीने १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत टोक काही सोडला नाही. आमच्या आक्कांच्या नऊवारीसारखं.

मग तिची नात, दुसरी एलिझाबेथ. ही तर तुम्हा सगळ्यांना फोटोतून माहीत आहे. सत्तर वर्षं राणी होती, २०२२ मध्ये वारली. उंची बेताची, पाच फूट चार इंच. गर्दीत शेवटच्या माणसालाही दिसावी म्हणून नखशिखांत एकच ठळक रंग, आणि हॅट अशी की चेहरा झाकला जाणार नाही. हॅटची कड रुंद झाली तर चेहऱ्यावर सावली येते, फोटो बिघडतो. म्हणजे तिच्यासाठी हॅट हा कामाचा गणवेश होता. १९७७ मध्ये तिच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा फ्रेडरिक फॉक्स यांनी गुलाबी हॅट केली, त्यावर कापडाच्या पंचवीस घंटा. वर्षाला एक घंटा. किती साधी कल्पना, पण लोकांच्या लक्षात राहिली. हे फॉक्स मूळचे ऑस्ट्रेलियातले. त्यांनी राणीसाठी साडेतीनशेच्या वर हॅट केल्या. त्यांच्या आधी एज थारूप नावाचे डेन्मार्कचे कारागीर होते. लंडनमध्ये दुकान थाटण्याआधी त्यांनी काही काळ आपल्या देशात हॅटचा धंदा केला होता. १९५१ मध्ये एलिझाबेथ अजून राजकन्या होती. वडील आजारी म्हणून लष्करी संचलनाला ती घोड्यावर बसून गेली, तेव्हाची तिची तीन कोपऱ्यांची हॅट थारूप यांच्या हातची.

हॅट बोलते, असंही लोक मानतात. २०१७ मध्ये राणी संसदेच्या उद्घाटनाला मुकुट न घालता निळी हॅट घालून गेली. हॅटवरच्या फुलांत पिवळा रंग. तेव्हा इंग्लंडचं युरोपमधून बाहेर पडायचं घाटत होतं, आणि युरोपच्या झेंड्यावर निळ्या रंगात पिवळे तारे. लोकांनी त्यावर केवढी चर्चा केली! तिच्या कपड्यांचं काम पाहणाऱ्या अँजेला केली यांनी पुढे लिहिलं, की तो निव्वळ योगायोग होता. पण बघा, एका बाईच्या डोक्यावरची फुलं सगळा देश मोजत बसला होता.

नात बीअट्रिसचीही गोष्ट सांगतो. २०११ च्या राजघराण्यातल्या लग्नात तिने फिलिप ट्रेसी यांनी केलेली, मोठ्या फितीच्या वेटोळ्याची हॅट घातली. लोकांनी तिची इतकी टिंगल केली की विचारू नका. पोरीने काय केलं? तीच हॅट लिलावात काढली. ८१,१०० पौंड आले. ते सगळे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिले. टिंगल करणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही.

आणि २०१९ मध्ये राजवाड्याकडून कळलं, की राणीच्या नव्या कपड्यांत प्राण्यांची खरी फर वापरणार नाहीत, नकली वापरतील. अलेक्झांड्राच्या पत्राला तेव्हा शंभरावर वर्षं होऊन गेली होती.

आता परत आमच्या ऑर्डरकडे.

आम्ही त्या जुडीतला एक धागा काढून वातीवर धरला. प्लास्टिक असतं तर वितळून त्याची गोळी झाली असती. तो जळला आणि केस जळल्याचा वास आला. म्हणजे पीस खरं होतं. कोणाचं, ते यावरून कळत नाही. कोंबडीचं किंवा बदकाचं पीसही तसंच जळतं. कदाचित ते कोंबडीचंच असेल. पण दुकानदाराने सांगितलं त्यातलं 'आर्टिफिशियल' तरी खोटं ठरलं. बगळ्यासारखा रानपक्षी मारणं आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

गटात वाद झाला, ते लपवत नाही. एक म्हणाली, "आपण थोडीच मारलं? चाळीस फेट्यांची मजुरी आहे. माझ्या पोराची फी भरायचीय." तिचं चूक नव्हतं. दुसरी म्हणाली, "दुकानदाराला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक नाही, गिऱ्हाइकाला ठाऊक नाही. मग कोणाला ठाऊक असणार?" या प्रश्नावर मात्र सगळ्या गप्प झाल्या. शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या दुकानात उभी असलेली बाईही याच जागी होती. तिलाही कोणी तरी सांगत होतं, बिनधास्त घ्या.

आम्ही जुडी परत केली. पांढरं रेशीम आणि चंदेरी जर घेतली. रेशमाचे धागे एकसारखे कापायचे, बुडाशी जरीने घट्ट बांधायचे, खळीचा हात द्यायचा आणि सुकल्यावर सुईने एकेक सुटा करायचा. एका तुऱ्याला पस्तीस मिनिटं लागली. चाळीस तुऱ्यांचे तेवीस तास झाले. पिसाचा तुरा पाच मिनिटांत लागला असता. नवरीच्या आईला नमुना नेऊन दाखवला आणि सगळं खरं सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लग्नाच्या घरात कोणाची पिलं उपाशी मेलेली नकोत." वरच्या मजुरीतली अर्धी त्यांनी दिली. अर्धी आम्ही सातजणींनी सोसली. फी भरायची होती तिचा वाटा मात्र आम्ही कापला नाही.

वरातीत तुरे छान दिसले. वाऱ्यावर पिसासारखे थरथरले नाहीत, हे खरं. पण दोन नव्या ऑर्डरी त्याच रेशमी तुऱ्याच्या आल्या आहेत, आणि या वेळी मजुरी आम्ही पूर्ण धरली आहे.

तर मैत्रिणींनो, फेट्याचा तुरा असो, बटवा असो, कानातलं असो, पीस दिसलं की दुकानात तीन गोष्टी विचारा. हे खरं की नकली? खरं असेल तर कोणत्या पक्ष्याचं? आणि पाळलेल्या पक्ष्याचं की रानातल्या? उत्तर मिळालं नाही तर खाली ठेवा. दुकानदाराशी भांडायची गरज नाही. रोज चार बायकांनी विचारलं, तर तोही आपल्या व्यापाऱ्याला विचारायला लागेल.

आपण राण्या नाही. आपली नक्कल कोणी देश करणार नाही. पण आपल्या गल्लीत, आपल्या भावकीत, पुढच्या लग्नात आपलं बघून कोणी तरी शिवायला टाकतंच ना?

येतो आम्ही. आक्का म्हणतायत, या पावसाळ्यात त्यांच्या माहेरच्या तळ्यावर सगळ्यांनी जायचं, बाभळीवरची घरटी बघायला. ज्यांना यायचंय त्यांनी केंद्रावर नाव सांगून ठेवा. नमस्कार.